एकट्याची खोली आणि वाकळ

घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत, घर म्हणजे माणसे, हे वाक्य आपण सर्वांनीच शाळेच्या निबंधात केव्हा ना केव्हा लिहिलेले आहे. मग ज्या चार भिंतींत एकच माणूस राहतो, तिथे घर असते की नाही? गेल्या वर्षी मी या गावात खोली घेऊन राहू लागलो, तेव्हा हा प्रश्न मला पडला. आपल्या महाविद्यालयात खेड्यापाड्यांतून येऊन खोली करून राहणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. खोलीवरचे हाल आपण एकमेकांना रंगवून सांगतो. खोलीवरच्या सुखाबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. प्रस्तुत लेख त्या सुखाबद्दल आहे. वाकळ कशी शिवतात आणि ती थंडीत उपयोगी का पडते, हे मला मुख्यतः सांगायचे आहे. पण त्यासाठी वाचकांना आधी माझ्या खोलीत यावे लागेल.

खोली दहा बाय आठची. वर पत्रा, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात शिकणाऱ्याने कसे राहावे, हे सांगणारे घरी कोणी नव्हते. माझी आपली एक समजूत होती, की विद्यार्थ्याने हाल सोसलेच पाहिजेत. आई-वडील उन्हात राबतात आणि आपण सावलीत बसून पुस्तके वाचतो, तेव्हा आपण निदान पोटभर तरी जेवू नये! पहिली सहामाही चहा, पाव आणि वडा यांवर काढली. दिवाळीच्या सुमारास ग्रंथालयाच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मटकन खाली बसलो. मित्रांनी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी औषधापेक्षा चौकशीच जास्त केली. "स्वयंपाक येतो का?" मी म्हटले, "नाही." ते म्हणाले, "मग शीक. तेच तुझं औषध."

म्हणून शिकलो. पहिली गोष्ट आली ती मुगाच्या डाळीची खिचडी. एक पातेले, एक डाव आणि अर्धा तास, एवढ्यात होणारे हे पूर्ण जेवण आहे, आणि ते पूर्ण का आहे हे मला नंतर पुस्तकात सापडले. आपल्या शरीराला लागणारे लायसीन नावाचे द्रव्य तांदळाच्या प्रथिनांत कमी असते, ते डाळीत भरपूर असते. उलट मेथिओनिन नावाचे द्रव्य डाळीत कमी असते, ते तांदूळ भरून काढतो. एकाची उणीव दुसरा भागवतो. खिचडीच्या आधणाला उकळी फुटली, की खोलीत जो वास सुटतो, त्या वासाने मला पहिल्यांदा वाटले की इथे कोणीतरी राहते.

दुसरी गोष्ट माठ. बाजारातून लाल मातीचा माठ आणला आणि खिडकीशी तिवईवर ठेवला. माठाच्या अंगाला अतिशय बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते आणि बाहेरच्या वाऱ्याने त्याची वाफ होते. वाफ होताना ते पाणी माठाची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठ वाऱ्याला ठेवावा आणि त्याला तेलकट हात लावू नये. पावसाळ्यात हवाच ओली असते, त्यामुळे वाफ कमी होते आणि पाणी तितकेसे गार होत नाही. रोज सकाळी माठ विसळून भरणे हे पाच मिनिटांचे काम. पण दुपारी तीनच्या उन्हातून येऊन पहिला पेला तोंडाला लावला, की सकाळची ती पाच मिनिटे सार्थकी लागतात. सकाळच्या माझ्यानेच दुपारच्या माझ्यासाठी पाणी भरून ठेवलेले असते.

आता वाकळीकडे वळू. शहरात जिला गोधडी म्हणतात, तिला आमच्याकडे वाकळ म्हणतात. मी गावाहून निघालो तेव्हा आईने ट्रंकेत घातलेली वाकळ मी पहिले सहा महिने बाहेरच काढली नव्हती. मित्रांकडे दुकानातली रंगीत ब्लँकेटे होती. त्यांच्यासमोर जुन्या लुगड्यांचे ठिगळकाम अंथरायची मला लाज वाटे. ही कबुली देताना आज त्याहून जास्त लाज वाटते आहे. पुढे डिसेंबरच्या थंडीने माझी अक्कल ठिकाणावर आणली, आणि वाकळ ट्रंकेतून निघाली ती कायमची.

यंदा नवरात्राच्या आधी ती धुवायला काढली. आमच्याकडे घटस्थापनेपूर्वी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुण्याची रीत आहे. मी ती मोरीत भिजवली, पायांनी तुडवली, आणि एका टोकाला धरून तारेवर फेकली. इथेच चूक झाली. जाड सुती कापड पाणी फार पिते, आणि ओल्या वाकळीचे सगळे वजन एका टोकावर आले, तर जुना दोरा ते पेलत नाही. तडतड आवाज करीत टाके उसवत गेले. आतले थर घसरून खाली गोळा झाले. घरमालकांच्या आई ओट्यावरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अरं पोरा, चार हातांचं काम दोन हातांनी केलंस व्हय? वाकळ दोघांनी धरायची असती."

गावी पाठवावी, तर आईला आता जवळचे नीट दिसत नाही. सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला हाक मारावी लागते. तेव्हा आजींनाच विचारले, "मला शिकवाल का?" त्या हसल्या, पण शिकवले.

प्रथम उसवणे. उरलेले टाके ओढून तोडायचे नाहीत, कापड फाटते. दर चौथा टाका ब्लेडने कापायचा, म्हणजे दोरा आपोआप सुटत जातो. एकेक थर उचलू लागलो तसे आमचे घर उलगडत गेले. वर आईचे हिरवे लुगडे, त्याखाली वडिलांचे धोतर, त्याखाली सदऱ्यांचे तुकडे जोडून केलेला एक थर. आणि अगदी मधोमध गडद निळे कापड, माझ्या बहिणीच्या, आक्काच्या, शाळेच्या गणवेशाचे.

वाकळीत जीर्ण कापड घालतात. हे जीर्ण नव्हते. त्याचा रंगही उडालेला नव्हता. आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती आठवीत गेली तेव्हा तिला नवा गणवेश शिवला होता. त्याच वर्षी आजी अंथरुणाला खिळली, आई मजुरीला जात असे, आणि घरी कोणीतरी हवे होते. ती घरी राहिली आणि मी शाळेत राहिलो. तो गणवेश तिने जेमतेम चार महिने घातला असेल. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असणे आणि ते कापड हातात धरणे यांत फरक आहे.

त्या रात्री काही शिवले नाही. दुसऱ्या दिवशी कामाला लागलो.

वाकळीचे गणित साधे आहे. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा पावणेसात फुटांचा होतो, म्हणजे माणसाच्या उंचीला पुरून उरतो. लुगड्याचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंच, म्हणजे एका माणसाच्या अंगाभोवती येईल एवढा. एका लुगड्यात एका माणसाची चार पदरी वाकळ! लुगडे बसण्याउठण्याच्या जागी आधी विरते, पण काठ शेवटपर्यंत मजबूत राहतात. म्हणून थर रचताना एकाचा विरलेला भाग दुसऱ्याच्या विरलेल्या भागावर येऊ द्यायचा नाही. जिथे एक थर कमजोर, तिथे वरचा धडधाकट हवा.

जमीन झाडून सर्वांत खालचा थर पसरायचा आणि चारी कोपऱ्यांवर वजने ठेवायची. मी पाठ्यपुस्तके ठेवली. मग एकेक थर घालून प्रत्येक वेळी तळहाताने मधून कडेकडे सारखा करायचा. सगळे थर रचले, की लांब लांब कच्चे टाके घालून ते एकमेकांना बांधून टाकायचे. कडा आत दुमडायच्या. नंतर कोपऱ्यापासून पक्का धावता टाका सुरू करायचा. कडेकडेने एक फेरी पुरी झाली, की बोटभर आत दुसरी. असे फिरत फिरत मध्यापर्यंत जायचे. सुई जाड आणि मोठ्या नेढ्याची हवी, दोरा सुती. दोऱ्यावरून मेणबत्ती फिरवली, की तो गुंतत नाही. उजवा हात वरून सुई घालतो, आणि डावा हात खाली राहून तिचे टोक सर्व थरांतून आले की नाही ते पाहतो. डाव्या हाताची बोटे पहिल्या आठवड्यात पुष्कळ टोचली गेली. मी दोरा फार आवळत होतो, त्यामुळे कापडाला चुण्या पडत. आजी म्हणाल्या, "दोरा बसू दे, ओढू नको." अर्धी फेरी उसवून पुन्हा घातली.

आता वाकळ ऊब कशी देते ते पाहू. खरे म्हणजे ती ऊब देतच नाही. ऊब आपल्याच शरीराची असते. वाकळ ती बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. स्थिर हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. थरांच्या मध्ये आणि सुताच्या धाग्यांत हवा कोंडून राहते आणि टाके तिला जागचे हलू देत नाहीत. एका जाड कापडापेक्षा चार पातळ थर बरे वाटतात, ते या कोंडलेल्या हवेमुळे. वाकळ दमट झाली, की हवेची जागा पाणी घेते आणि ती गार लागते. म्हणून तिला अधूनमधून ऊन दाखवायचे. उन्हातून आणलेली वाकळ रात्री अंगावर घेणे हे माझ्या खोलीतले सर्वांत मोठे सुख आहे, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

जुन्या कापडाला असा नवा जन्म देणारे आपणच आहोत असे नाही. बंगालात याच धावत्या टाक्याने कांथा शिवतात, आणि पूर्वी त्यासाठी साडीच्या काठातलेच दोरे काढून वापरीत. बिहारात सुजनी आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी शिवतात. तीही कडेकडून मध्याकडे जाते, आणि तिच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले बसवतात. आणि आपल्या महाराष्ट्रात तर गाडगेबाबांसारखा (१८७६–१९५६) पुरुष चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन, हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडला. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. ज्या वस्त्राची मला लाज वाटत होती, ते असे थोरामोठ्यांच्या अंगावरचे आहे!

रोज अभ्यासानंतर तासभर, असे बावीस दिवस शिवणे चालले. हात कामात असला, की मन शांत राहते आणि दिवसा वर्गात ऐकलेले बरेच पुन्हा आठवते. अर्थशास्त्राची दोन प्रकरणे मी टाके घालता घालता पाठ केली. निळा थर होता तिथेच, मधोमध ठेवला.

शेवटचा टाका घातला त्या रात्री आक्काला फोन केला. म्हटले, "आक्का, वाकळंत तुझा गणवेश हाय." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कापड चांगलं होतं, म्हणून मीच दिलं. मधलं कापड लई दिवस टिकतं. थंडी लागत न्हाई ना?" मी म्हटले, "न्हाई." मग मी तिला सतरा नंबरच्या अर्जाबद्दल सांगितले, तो भरून बाहेरून दहावीला बसता येते ते सांगितले. ती हसली. म्हणाली, "आता या वयात?" ती एकवीस वर्षांची आहे. फोन ठेवता ठेवता मात्र तिने विचारले, "फी किती असती रं?" चौकशी करून सांगतो म्हटले आहे.

मित्रहो, स्वतःची काळजी घेणे म्हणजे चैन, असे मी समजत होतो. आता तसे वाटत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या मागे कोणीतरी शाळा सोडलेली आहे, कोणीतरी डोळे झिजवलेले आहेत. उपाशी राहून आणि थंडीत कुडकुडून ते ऋण फिटत नाही. वेळेवर जेवावे, पाणी भरून ठेवावे, उसवलेले शिवावे, आणि मग अभ्यासाला बसावे. एकट्याच्या खोलीचे घर होते ते एवढ्यानेच. आणि वाकळ धुवाल तेव्हा शेजारच्या खोलीतल्या मित्राला हाक मारा. ती दोघांनी धरायची असते.

— द्वितीय वर्ष, कला