रक्तातील मेद आणि हृदयाचे आरोग्य

मनुष्यदेहातील अवयवांत हृदयाइतका अविश्रांत राबणारा अवयव विरळाच. दिवसरात्रीत ते सुमारे १ लक्ष वेळा आकुंचन पावून सर्वांगास रक्त पोचविते. परंतु ह्या श्रमासाठी त्याच्या स्वतःच्या स्नायूंसही रक्त लागते, व ते त्यास त्याच्या पृष्ठभागावर पसरलेल्या लहान धमन्यांतून मिळते. त्यांपैकी एखादी एकाएकी बंद झाली म्हणजे हृदयविकाराचा झटका येतो. हा रोग शहरातील लठ्ठ व धनिक लोकांचा, सडपातळ शेतकऱ्यास त्याचे भय नाही, असा समज आमच्या बारामती व इंदापूर तालुक्यांत अद्यापि ऐकू येतो. तो समज घातक आहे. तो का घातक आहे हे विद्यार्थ्यांस व पालकांस समजावून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम कोलेस्टेरॉल म्हणजे काय ते पाहू. हा मेणासारखा एक पदार्थ होय. तो प्रथम पित्ताशयातील खड्यांत सापडला, म्हणून ‘पित्त’ व ‘घन’ ह्या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्यास हे नाव मिळाले. तो मुळात शत्रू नव्हे. पेशींची आवरणे, पाचक पित्त आणि ड जीवनसत्त्व ह्यांच्या घडणीस तो अवश्य आहे, व त्याचा बहुतेक भाग आपले यकृतच तयार करते. मेद पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून त्याची ने-आण करण्यास प्रथिनयुक्त सूक्ष्म वाहने लागतात. त्यांपैकी एलडीएल नावाची वाहने संख्येने वाढली म्हणजे आपला माल धमन्यांच्या भिंतींत टाकतात. एचडीएल नावाची वाहने शिल्लक माल यकृताकडे परत नेतात. तपासणीच्या कागदावर ट्रायग्लिसराइड म्हणून जो आकडा असतो तो रक्तातील चरबीचा होय, आणि तो गोड पदार्थ व मद्य ह्यांनी विशेष वाढतो.

नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आपल्या दोन्ही तालुक्यांत फिरते. चारीत गाळ साचला म्हणजे शेवटच्या शेतास पाणी पोचत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. धमनीचेही काहीसे असेच होते. मात्र एक भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गाळ चारीच्या तळाशी बसतो, तर मेद धमनीच्या भिंतीच्या आत साचतो. तेथे वरून पातळ पापुद्रा असलेला फुगवटा तयार होतो. एखादे दिवशी तो पापुद्रा फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते व वाट क्षणात बंद होते. म्हणूनच आदल्या दिवशी ठणठणीत दिसणाऱ्या मनुष्यासही झटका येऊ शकतो. दुखत नाही, यास्तव रोग नाही, असे अनुमान येथे चालत नाही.

ह्या साचण्याचा आरंभ तरुणपणीच होतो. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय अवघे २२ होते. तरीही शंभरांपैकी सुमारे ७७ जणांच्या धमन्यांत ह्या रोगाची चिन्हे दिसली.

आता सडपातळपणाविषयी. ह्या प्रश्नावर महत्त्वाचा प्रकाश आपल्याच जिल्ह्यातून पडला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालके ह्यांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने पुष्कळ कमी भरली. परंतु त्यांचे स्नायू जितके कमी होते, तितकी त्वचेखालील चरबी कमी नव्हती. म्हणजे देह बारीक, पण मेद राखलेला! पुढे हीच प्रवृत्ती पोटाभोवतीच्या चरबीच्या रूपाने प्रकट होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दक्षिण आशियातील लोकांस पहिला झटका मध्यमानाने ५३ व्या वर्षी, तर अन्य देशांतील लोकांस ५९ च्या सुमारास येतो, असे आढळले. सबब वजनकाट्यावर विसंबून न राहता कमरेस फीत लावावी. पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरांहून अधिक असेल तर सावध व्हावे.

उपाय कोणते? पूर्वी बाजरीची भाकरी, कडधान्ये, पालेभाजी व कोसभर पायपीट हा नित्यक्रम होता. आता मोटारसायकल दाराशी आली व दिवसाचे चार-पाच गोड चहा झाले. ऊस आमचे वैभव आहे, परंतु साखर व गूळ दोन्ही बेतानेच खावीत. ‘कोलेस्टेरॉलरहित’ असे तेलाच्या डब्यावर वाचून भुलू नये. कोणत्याच वनस्पतीच्या तेलात ते मोजण्याजोगे नसते. शेंगदाण्याचे वा करडईचे तेल चांगले, पण थोडे. तूप, साय व तळण मर्यादेत असावे. एकदा तापविलेले तेल पुनःपुन्हा वापरू नये. मीठ दिवसास ५ ग्रॅमच्या आत असावे. आठवड्यात निदान १५० मिनिटे झपाझप चालावे. तंबाखू विडीची असो वा मिसरीची, ती वर्ज्यच समजावी.

विशीनंतर एकदा तरी रक्तातील मेद तपासून घ्यावा; रक्तदाब व साखर ह्यांचीही तपासणी करावी. एलडीएल साधारणतः १०० च्या आत असावे; झटका येऊन गेलेल्यास ते त्याहून पुष्कळ खाली ठेवावे लागते. स्टॅटिन नावाच्या औषधांनी ते उतरते. परंतु आकडा सुधारला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणे म्हणजे बांध धरला म्हणून त्याची माती काढून नेणे होय. छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दम व घाम ही लक्षणे दिसताच पित्त झाले म्हणून सोडा पीत बसू नये. १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. वेळ जाईल तसतसा हृदयाचा स्नायू मरत जातो, व तो पुन्हा उगवत नाही.

विद्यार्थिमित्रहो, घरातील वडीलधारी माणसे स्वतःच्या तपासणीस टाळाटाळ करतात. शेताच्या पाण्याची पाळी ज्या दक्षतेने ती सांभाळतात, तितकीच दक्षता त्यांनी आपल्या हृदयाविषयी बाळगावी, हे त्यांस आदराने पण आग्रहाने सांगण्याचे काम आम्ही तुमच्यावर सोपवितो.