क्षयरुग्णाचा उपचारास प्रतिसाद : मनोसामाजिक घटकांचा विचार

प्रस्तावना :
औषधांना दाद देणारा क्षयरोग साधारणतः सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो व शासकीय कार्यक्रमात हा उपचार विनामूल्य मिळतो. तरीही काही रुग्ण तपासणीस विलंब करतात, तर काही उपचार मध्येच सोडतात. अशा रुग्णास बेजबाबदार ठरविले जाते. वस्तुतः रुग्णाचे वर्तन त्याच्या समजुती, भीती, कुटुंब व उपजीविका यांतून घडत असते. प्रस्तुत लेखात या घटकांचे विवेचन केले आहे.

मानसिक घटक :
१९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाची क्ष-किरण तपासणी मोफत असूनही अनेक लोक तिच्याकडे फिरकत नव्हते. या प्रश्नाच्या अभ्यासातून ‘आरोग्य-विश्वास प्रतिमान’ विकसित झाले. आपणास रोगाचा धोका किती, तो किती गंभीर, उपचाराचा लाभ काय आणि अडथळे कोणते, याविषयीच्या समजुतींवर व्यक्तीची कृती अवलंबून असते, असे हे प्रतिमान सांगते. क्षयरोगात काही आठवड्यांतच ताप व खोकला कमी होऊ लागतो आणि रोग गेला असे वाटते. मळमळीसारखा औषधांचा त्रास मात्र प्रत्यक्ष जाणवतो. त्यामुळे औषध थांबविणे रुग्णास तर्कसंगत वाटते. परंतु अर्धवट उपचारामुळे रोग उलटण्याचा व औषधप्रतिरोधी होण्याचा धोका असतो. निदान नाकारणे व नैराश्य यांमुळेही उपचारात खंड पडतो.

सामाजिक घटक :
नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांतील मजूर दिंडोरी, निफाड परिसरातील द्राक्षबागांत कामासाठी स्थलांतर करतात. ऑक्टोबरमधील छाटणीपासून उन्हाळ्याच्या तोंडावरील काढणीपर्यंतचा हंगाम जवळपास उपचाराच्या कालावधीएवढाच असतो. गावी उपचार सुरू झालेल्या मजुरापुढे औषध की मजुरी, असा पेच उभा राहतो. त्यात कलंकाची भर पडते. हा रोग हवेतून पसरतो, भांड्यांतून नव्हे. तथापि अनेक घरांत रुग्णाचे ताट वेगळे केले जाते. अविवाहित मुलीचा आजार विवाहाच्या चिंतेने लपविला जातो.

दृष्टिकोनातील बदल :
जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या जैव-मनो-सामाजिक प्रतिमानाने आजाराच्या या व्यापक आकलनास सैद्धांतिक आधार दिला. उपचार सोडणाऱ्यास ‘कसूरदार’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा लावली जात असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तिच्याऐवजी ‘पाठपुरावा तुटलेला’ या अर्थाची संज्ञा स्वीकारली. भारतात एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेखाली रुग्णास दरमहा ५०० रुपये देण्यात येऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली.

समारोप :
संज्ञेतील हा बदल केवळ शाब्दिक नाही. ‘कसूर’ म्हटले की दोष रुग्णाचा ठरतो व चौकशी तेथेच थांबते. ‘पाठपुरावा तुटला’ म्हटले की तो कोठे व का तुटला, हे शोधावे लागते. हा शोध वैद्यकशास्त्राइतकाच मानसशास्त्र, समाजशास्त्र व अर्थशास्त्र यांच्या अध्यापकांच्याही कक्षेत येतो.