बाळाला आजोबांचं नाव ठेवताय? आधी पूर्ण नाव एकदा मोठ्याने वाचा

बारसं जवळ आलं की घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, "आमच्या ह्यांचं नाव ठेवा, घराण्यात नाव चालू राहील." सून म्हणते, "अहो, शाळेत पोरं चिडवतील त्याला." आत्या तिसरंच सांगते, "रास काय आली ते बघा आधी." मधल्या काळात दोन अक्षरी नव्या नावांची चलती होती. आता मात्र रखमा, मुक्ता, गोदावरी, सदाशिव, विठ्ठल अशी नावं पुन्हा पाळण्यात ऐकू येऊ लागली आहेत. हौस चांगलीच आहे. पण नाव ठरवताना नुसतं पहिलं नाव बघून चालत नाही, पूर्ण नाव बघावं लागतं.

मधलं नाव आपण निवडत नाही

काही देशांत पहिलं आणि मधलं अशी दोन्ही नावं आईवडील आवडीने निवडतात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. म्हणजे माणूस कुणाचा, हे ते नाव सांगतं. कवी कुसुमाग्रजांचंच बघा. जन्माचं नाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांना दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन शिरवाडकर झाले. पहिलं नाव तर बदललंच, मधलंही बदललं.

आता त्यात आईचं नावही आलं आहे. राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. म्हणजे जुळणी बघायची ती अशी : रखमा सायली प्रतीक, सदाशिव तेजश्री अमोल. पहिलं नाव जुनं, पुढची दोन आजची. काहींना हे विजोड वाटतं. पण एका नावात तीन माणसं दिसतात, आणि एक जुनी अडचणही त्यामुळे सुटते.

आजोबा नि नातू एकाच नावाचे

समजा, आजोबा तुकाराम बाळू. त्यांनी मुलाला आपल्या वडिलांचं नाव ठेवलं, तो झाला बाळू तुकाराम. बाळूने आपल्या मुलाचं नाव तुकाराम ठेवलं, की तो पुन्हा तुकाराम बाळू! आडनाव तेच, गाव तेच. वारसनोंद करताना, जुना सातबारा काढताना यातला आजोबा कुठला नि नातू कुठला, हे सांगायला गावातली म्हातारी माणसं शोधावी लागतात. आता नातू तुकाराम स्नेहल बाळू म्हणून लागला, तर घोळ राहत नाही. आजीची इच्छा राहिली, सुनेचं नावही कागदावर आलं.

राव, बाई, बा यांचं काय?

जुन्या नावांचा खरा त्रास इथे होतो. सातबाऱ्यावर गणपतराव, आधारवर गणपत, बँकेत गणपती. माणूस एकच, पण योजनेचा अर्ज अडकतो आणि मग प्रतिज्ञापत्रासाठी तालुक्याला खेटे सुरू होतात. राव, बाई ही हाक मारतानाची आदरार्थी जोड. ती कागदावर हवी की नको, हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. इंग्रजी स्पेलिंगही तसंच. ज्ञानेश्वर, विठ्ठल, कृष्णा ही नावं इंग्रजीत जो तो वेगळी लिहितो. म्हणून घरूनच कागदावर लिहून न्या.

हाक कोण मारणार?

पूर्वी सून सासऱ्याचं नाव घेत नसे. म्हणून नातवाला आजोबांचं नाव ठेवलं तरी घरात तो बाळ, नाना नाहीतर आप्पा व्हायचा. खरं नाव राहायचं फक्त शाळेच्या दाखल्यावर. आजही काही घरांत तेच होतं. नाव ठेवायचं आणि हाक दुसरीच मारायची असेल, तर मग त्या नावाचा हट्ट कशाला?

जुनं सगळंच घेऊ नका

धोंडू, दगडू, केरू ही नावंही जुनीच. आधीची मुलं जगली नाहीत, तर या बाळाला नजर लागू नये म्हणून ती ठेवली जायची. त्यामागे माया होती. नकुशीचं तसं नाही. मुलगी नको होती, हे तिच्या नावातच लिहिलेलं असायचं. सातारा जिल्ह्यात २०११ साली २८५ मुलींची अशी नावं प्रशासनाने समारंभ करून बदलली. पोरीने जन्मभर काय ऐकायचं, ते आईबापांच्या हातात असतं. म्हणून नाव ठेवण्याआधी त्याचा अर्थ घरातल्या मोठ्यांना विचारा.

नोंद करताना हे लक्षात ठेवा

- जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. बारसं बाराव्या दिवशी झालं, तर नाव तेव्हाच देता येतं.
- नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका. नाव नंतर घालता येतं. वर्षभरात त्याला शुल्क नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.
- १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांसाठी जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. म्हणून दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून प्रत्येक अक्षर वाचा. काना-मात्रा चुकली असेल तर त्याच दिवशी सांगा.

आणि शेवटचं. ठरलेलं पूर्ण नाव शाळेत हजेरी घेतात तसं एकदा मोठ्याने वाचा, मग अंगणातून हाक मारतात तसं म्हणून बघा. दोन्ही वेळेला तोंडात बसलं, की खुशाल ठेवा. नाव जुनं असो की नवं, लोक दोन दिवस नावं ठेवतील आणि तिसऱ्या दिवशी त्याच नावाने हाक मारतील.