गॅसवरची वीज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दाभोळच्या वीजकेंद्राचं नाव निघालं की महाराष्ट्रात आजही एक वाक्य हमखास ऐकू येतं : गॅसवरची वीज आपल्याला परवडत नाही, ते उभारणाऱ्या एन्रॉन कंपनीने हे दाखवूनच दिलं. पण एन्रॉनच्या काळात त्या केंद्रात गॅस जळलाच नव्हता. गुहागरजवळच्या अंजनवेलला असलेल्या या केंद्राचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला तो नाफ्ता या तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर. द्रवरूप वायू उतरवून घेणारं टर्मिनल दुसऱ्या टप्प्याबरोबर व्हायचं होतं. ते पूर्ण होण्याआधीच, २००१ मध्ये, राज्य वीज मंडळाने तिथली वीज घेणं थांबवलं. वीज महागली ती तेलाच्या भावाबरोबर चढणाऱ्या नाफ्त्यामुळे, डॉलरशी बांधलेल्या दरामुळे आणि वीज घ्या अथवा घेऊ नका, क्षमतेचे पैसे मोजाच, असं सांगणाऱ्या करारामुळे. पुढे हेच केंद्र रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे आलं, क्षमता १,९६७ मेगावॉट झाली आणि २०१५ च्या अखेरीपासून तिथली वीज रेल्वेला जाऊ लागली.

दुसरा घोळ सिलिंडरचा. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. वीजकेंद्रात जळतो तो नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन. रिक्षातला सीएनजी आणि नळाने घरी येणारा पीएनजी तोच.

आता देशाचा आकडा. २०२४ मध्ये वायूवर चालणारी सुमारे २५ हजार मेगावॉट क्षमता उभी होती आणि वर्षभरात तयार होणाऱ्या विजेतला तिचा वाटा होता जेमतेम २ टक्के. यावरून लोक दोन निष्कर्ष काढतात : यंत्रं बिघडलेली असणार, किंवा कारभार ढिसाळ असणार. खरी अडचण इंधनाची आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ क्षेत्रातून एप्रिल २००९ मध्ये वायू यायला लागला, २०१० मध्ये तो दिवसाला सुमारे ६ कोटी घनमीटरवर पोहोचला आणि त्याच भरवशावर ठिकठिकाणी नवी केंद्रं बांधली गेली. तीन वर्षांत उत्पादन पाव हिश्शावर आलं. संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने २०१९ मध्ये अशा अडकून पडलेल्या प्रकल्पांची क्षमता मोजली ती १४,३०५ मेगावॉट. देशात निघणाऱ्या वायूवर पहिला हक्क सीएनजी आणि घरगुती पीएनजीचा, मग खतकारखाने वगैरे. बाहेरून आणलेला द्रवरूप वायू इतका महाग की त्यावरच्या विजेला एरवी गिऱ्हाईक मिळत नाही. उरणचंच बघा. मुंबई हायचा वायू तिथेच किनाऱ्याला लागतो, तरी महानिर्मितीचं ६७२ मेगावॉटचं केंद्र वायूअभावी पूर्ण क्षमतेने क्वचितच चालतं.

‘गॅसचं केंद्र बटण दाबताच सुरू होतं’ हेही अर्धंच खरं. उरणला १०८ मेगावॉटची चार गॅस टर्बाइन आहेत आणि त्यांच्या धुराड्याकडे जाणाऱ्या उष्णतेवर वाफ करून चालणारे १२० मेगावॉटचे दोन संच. म्हणजे २४० मेगावॉट वीज जास्तीचा वायू न जाळता मिळते. ही कंबाइंड सायकल. नुसतं गॅस टर्बाइन दहा ते तीस मिनिटांत जोर धरतं. वाफेचा भाग जोडला की कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर जाते, पण यंत्रणा थंड असेल तर पूर्ण भार घ्यायला काही तास लागतात. वेग हवा की काटकसर, हे आधी ठरवावं लागतं.

मग ग्रिडला याची गरज कशासाठी? वीज मागितली त्या क्षणी तेवढीच तयार व्हावी लागते, फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये राखायची असते. सूर्य मावळताना सौर वीज तासा-दोन तासांत ओसरते, नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे आणि एसी सुरू होतात. कोळशाचा संच थंड अवस्थेतून उभा करायला कितीतरी तास जातात. कोयनेचं १,९६० मेगावॉटचं पाणी मिनिटांत धावून येतं, पण वीज करताना पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला वर्षाची मर्यादा आहे. म्हणूनच २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने विद्युत कायद्याचं कलम ११ वापरून गॅसच्या केंद्रांना १ मे ते ३० जून या काळात चालायला सांगितलं. ३० मेला देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली. वर्षाचे २ टक्के बघून या केंद्रांना निरुपयोगी ठरवणं मला म्हणूनच चुकीचं वाटतं. त्यांचं मोल त्या थोड्या तासांत आहे.

गॅस स्वच्छ आहे का? कोळशापेक्षा, हो. चांगल्या कंबाइंड सायकल केंद्रातून युनिटमागे साधारण ४०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, कोळशाच्या केंद्रातून किलोच्या आसपास. राख नाही, गंधकाचा धूर जवळजवळ नाही. पण विहिरीपासून टर्बाइनपर्यंत वाटेत गळणारा मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. गळती न मोजता गॅसला हरित म्हणणं ही फसवणूक आहे.

रोजच्या संध्याकाळचे दोन-चार तास बॅटरी सांभाळू शकते, आणि गॅसपेक्षा कितीतरी चपळपणे. ते काम तिलाच द्यावं. पावसाळ्यात सलग काही दिवस आभाळ भरलेलं आणि वारा पडलेला असेल, तेव्हा मात्र बॅटरी भरायलाच वीज उरत नाही. त्या दिवसांसाठी उभ्या असलेल्या केंद्रांना वायूचा करार आधीच हवा. ऐन टंचाईत खुल्या बाजारातून उचललेला वायू सगळ्यात महाग पडतो, आणि तो भुर्दंड शेवटी ग्राहकाच्याच वीजबिलात येतो.