छायाचित्र डावीकडे, गोंधळ उजवीकडे

अहिल्यानगरची (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) प्रेक्षणीय स्थळे दाखविणारे एक वेबपान तयार करावयाचे आहे, असे समजू. प्रथम भुईकोट किल्ला. पंडित नेहरूंनी १९४४ मध्ये येथील बंदिवासात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, अशा चार ओळी आणि डावीकडे किल्ल्याचे छायाचित्र. त्याखाली दुसरे शीर्षक, ‘सलाबतखानाची कबर’. पान उघडून पाहावे, तर हे शीर्षक वर चढून किल्ल्याच्या छायाचित्राशेजारी बसलेले! शहाडोंगरावरील ही अष्टकोनी वास्तू आधीच ‘चांदबीबीचा महाल’ या चुकीच्या नावाने ओळखली जाते. त्यात किल्ल्यालाच कोणी कबर समजले, तर दोष वाचकाचा नव्हे.

या घोटाळ्याचे मूळ ‘फ्लोट’ या गुणधर्मात आहे. १९९६ च्या पहिल्या सीएसएस प्रमाणकापासून तो उपलब्ध आहे. छायाचित्राला ‘फ्लोट : लेफ्ट’ दिले की ते डाव्या कडेला सरकते व मजकूर त्याला वळसा घालतो. मात्र असे छायाचित्र पानाच्या नेहमीच्या प्रवाहातून बाहेर पडते. चौकटीची उंची मोजताना ब्राउझर ते जमेस धरीत नाही. परिच्छेद तोकडा असेल तर चौकट लवकर संपते, छायाचित्र खाली लोंबते आणि पुढचे शीर्षक मोकळ्या जागेत शिरते.

शीर्षकाला ‘क्लिअर : बोथ’ दिल्यास ते छायाचित्राच्या खालीच सुरू होते. दोहोंतील अंतर शीर्षकाच्या वरच्या समासातून मिळेलच असे नाही. ते छायाचित्राच्या खालच्या समासात द्यावे. पण पानाच्या कडेचा मेनूही फ्लोट केलेला असला, तर शीर्षक मेनू संपेपर्यंत खाली ढकलले जाते आणि मध्ये मोठी पोकळी उरते. अशा वेळी प्रत्येक स्थळाच्या चौकटीला ‘डिस्प्ले : फ्लो-रूट’ देणे श्रेयस्कर. चौकट आपले छायाचित्र पोटात घेते, बाहेरच्या मेनूशी तिचा संबंध राहत नाही. पूर्वी याच कामासाठी ‘ओव्हरफ्लो : हिडन’ वापरीत, त्याने चौकटीबाहेर डोकावणारा भाग कापला जातो. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ तर फ्लोटचा कडेचा समास कधीकधी दुप्पट करीत असे. ती डोकेदुखी आता इतिहासजमा झाली आहे.

मोबाइलवर अडचण निराळी. ३६० पिक्सेलच्या पडद्यावर २४० पिक्सेलचे छायाचित्र ठेवल्यास शेजारी जेमतेम एक शब्द मावतो, आणि ‘सलाबतखानाच्या’ यासारखा लांब शब्द तर थेट छायाचित्राखाली जातो. म्हणून अरुंद पडद्यासाठी मीडिया क्वेरीत ‘फ्लोट : नन’ द्यावे व छायाचित्र पूर्ण रुंदीचे करावे. फ्लोट देताना तो नुसत्या छायाचित्राला न देता, छायाचित्र व त्याखालील नाव एकत्र ठेवणाऱ्या ‘फिगर’ या घटकाला द्यावा. मग छायाचित्र कोठेही सरकले, तरी ‘भुईकोट किल्ला’ ही ओळ त्याच्याबरोबरच जाते.