पेट्रोलमधील शिसे : खतावणीत न आलेला खर्च

१९९२ साली मी सांगलीच्या शाखेत होतो. धाकट्या कन्येला स्कूटरवर पुढे उभी करून शाळेत सोडावयाचे आणि मग बँक गाठावयाची, हा रोजचा परिपाठ. चौकात गाड्या खोळंबल्या की पुढच्या मोटारीचा धूर थेट तिच्या तोंडावर येई. नाकाला रुमाल लाव, असे मी तिला सांगत असे. पण ते केवळ वासासाठी. त्या धुरात शिसे असते, याची मला कल्पनाही नव्हती. पुढे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, तेव्हा प्रथमच मनात प्रश्न आला, की मुळात पेट्रोलमध्ये शिसे घातले कोणी आणि कशासाठी?

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबून ठिणगीने पेटवितात. दाब जितका अधिक, तितकी तेवढ्याच इंधनातून शक्ती अधिक. परंतु त्या काळचे पेट्रोल दाब वाढताच आपोआप पेट घेई आणि इंजिनातून हातोडीचे घाव पडावेत तसा ठकठक आवाज येई. अमेरिकेतील जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी यावर उपाय शोधण्याचे काम थॉमस मिजली या अभियंत्याकडे सोपविले. बरेच पदार्थ पारखून झाल्यावर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग गुणकारी ठरले. गॅलनभर पेट्रोलला त्याचे सुमारे ३ घन सेंटिमीटर पुरत.

येथे माझ्यातील बँक अधिकारी थबकतो. अल्कोहोल मिसळूनही ही ठकठक थांबते, हे या दोघांस ठाऊक होते. पण अल्कोहोल अधिक प्रमाणात लागे, शिवाय ते धान्यापासून कोणीही गाळू शकत असे. त्यावर कोणा एकाची मक्तेदारी शक्य नव्हती. शिशाच्या मिश्रणाचे मात्र पेटंट घेता येत होते. शिसे विषारी असते, ही गोष्ट तर शतकानुशतके जाणकारांना माहीत होती. १९२३ मध्ये हे पेट्रोल बाजारात आले ते ‘एथिल’ या सुटसुटीत नावाने. नावात शिशाचा उल्लेखच नव्हता. कर्जप्रकरणात जी बाब अर्जदार गाळतो तीच आधी तपासावी, असे आमचे एक ज्येष्ठ व्यवस्थापक म्हणत.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील ज्या कारखान्यात हे संयुग बनत होते, तेथील कामगारांना भ्रम होऊ लागले. पाचजण दगावले. त्यानंतर मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर चोळून आणि हुंगून दाखविले. स्वतः ते आदल्याच वर्षी शिशाच्या विषबाधेमुळे विश्रांतीसाठी गेले होते! १९२५ साली विक्री थांबली, सरकारने परिषद बोलाविली. डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी तेथे कडाडून विरोध केला; परंतु बंदी घालण्याइतका पुरावा नाही, असा समितीचा निर्वाळा आला आणि १९२६ मध्ये विक्री पूर्ववत सुरू झाली. पुरावा देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर नव्हे, श्वास घेणाऱ्यावर टाकली गेली. आमच्याकडे तारणाशिवाय असे कर्ज कोणी मंजूर केले नसते.

हा पुरावा पुढे आला तो अनपेक्षित दिशेने. क्लेअर पॅटरसन हे शास्त्रज्ञ शिशाच्या मोजणीवरून पृथ्वीचे वय काढत होते. ते सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे त्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. या कामात प्रयोगशाळेतील धूळ, पाणी, उपकरणे, सर्वत्र त्यांना बाहेरचे शिसे सापडू लागले. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांतही अलीकडच्या काळात ते झपाट्याने वाढलेले दिसले. १९६५ पासून ते उघडपणे इशारे देऊ लागले. शिशाचा सर्वांत मोठा घाला लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर पडतो, हे पुढील अभ्यासांतून स्पष्ट होत गेले.

तरीही शिसे हटू लागले त्यात एका यंत्रभागाचा वाटा मोठा होता. १९७५ पासून अमेरिकी मोटारींत धूर शुद्ध करणारे ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ आले आणि शिशामुळे ते निकामी होत. आपल्याकडेही १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले ते याच उपकरणाच्या नव्या मोटारींसोबत. सांगलीची पाळी त्यानंतर आली. तोवर माझ्या कन्येची प्राथमिक शाळा संपली होती.

आता आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल म्हणजे तेच अल्कोहोल. त्यातले काही आपल्याच साखर कारखान्यांतून येते. लिटरमागे त्यात ऊर्जा कमी, त्यामुळे गाडीचे ॲव्हरेज घटते ही वाहनधारकांची तक्रार खोटी नाही. ठकठक मात्र ते थांबविते, १९२१ मध्ये थांबवीत होते तसेच.

मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते जुलै २०२१ मध्ये बंद झाले. पिस्टन-इंजिनाच्या लहान विमानांच्या इंधनात ते अजूनही घातले जाते.