घरकर्जाचा हप्ता – तोंडी!

छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकातून जालना रस्त्याने सिडकोकडे निघालात, की नव्या सदनिकांचे फलक दिसतात. त्यांवर किंमत असते. पण घरी जेवताना चर्चा होते ती महिन्याच्या हप्त्याची. तो आपण आठवीतल्या चक्रवाढ व्याजाच्या बळावर तोंडी काढू.

समजा, कर्ज २० लाख रुपये, दर द.सा.द.शे. ९, मुदत १६ वर्षे. महिन्याचा दर पाऊण टक्का, म्हणून पहिल्या महिन्याचे व्याज १५,००० रुपये. हप्ता याहून मोठा हवाच, नाहीतर कर्ज कधीच फिटणार नाही. किती मोठा? पुष्कळ जण २० लाखांना १९२ महिन्यांनी भागतात आणि सरासरी व्याज म्हणून १५,००० चे निम्मे त्यात मिळवतात. उत्तर सुमारे १७,९०० येते. ते चुकते, कारण कर्ज सरळ रेषेत उतरत नाही.

आता हप्त्याचे दोन भाग करा : व्याज आणि मुद्दल. पहिल्या महिन्यात मुद्दलापैकी क्ष रुपये फिटले. पुढच्या महिन्यात त्या क्ष रुपयांवरचे व्याज द्यावे लागत नाही. हप्ता तर तेवढाच. मग वाचलेले व्याज कुठे गेले? मुद्दलात! म्हणजे मुद्दलाचा भाग दरमहा पाऊण टक्क्याने, चक्रवाढीने वाढतो. किरणोत्सारी पदार्थ ठरावीक काळात निम्मा होतो. हा भाग ठरावीक काळात दुप्पट होतो. ७२ ला दराने भागा, की दुपटीची वर्षे साधारण मिळतात. ९ टक्क्यांना ८ वर्षे.

१६ वर्षांत दोन दुपटी, म्हणजे ४क्ष. मुदत संपताना व्याज जवळजवळ उरत नाही. सारा हप्ता मुद्दलाचाच असतो. म्हणून

४क्ष = क्ष + १५,०००

क्ष ५,००० आणि हप्ता २०,०००. नेमके सूत्र १९,६९० देते. तोंडी हिशेबाला एवढी चूक माफ असावी!

क्ष किती लहान आहे पाहा. पहिल्या वर्षी २ लाख ४० हजार भरून मुद्दल उतरते जेमतेम ६० हजारांनी. माझ्या स्वतःच्या कर्जाचा पहिला उतारा पाहून, भौतिकशास्त्र शिकवणारा मी, बँकेत वाद घालायला निघालो होतो. रिक्षात बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

मुदत ८ वर्षे केली तर एकच दुप्पट : हप्ता ३०,०००. २४ वर्षांना तीन दुपटी, ८क्ष : हप्ता सुमारे १७,१००. म्हणजे ८ ची १६ वर्षे केल्यावर हप्ता १०,००० ने घटला, १६ ची २४ केल्यावर फक्त २,९०० ने. आणि त्यासाठी ९६ हप्ते जादा, एकूण सुमारे ११ लाख रुपये जास्त.

दर बदलतो तेव्हा क्ष आणखी नाजूक होतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. आपल्या २४ वर्षांच्या कर्जाचा दर सुरुवातीलाच तसा अडीच टक्क्यांनी वाढून ११.५ झाला, तर महिन्याचे व्याजच १९,००० च्या वर जाते. हप्ता १७,१०० च ठेवला तर क्ष ऋण होतो : दर महिन्याला पैसे भरायचे आणि कर्ज वाढत राहायचे! ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्यावे. आणि हप्त्यात निदान त्या महिन्याचे व्याज तरी निघालेच पाहिजे.